स्कूबा डायव्हिंग शिकून प्रमाणपत्र घ्यायचे आहे : नवशिक्याचे काही प्रश्न

वाळूतली पावले

नमस्कार मंडळी. माझे वय 46 आहे आणि मी नाशिकला राहते. गेल्या डिसेंबरात आम्ही मालवणला गेलो असताना सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मी आणि माझी तेरा वर्षांची मुलगी, दोघी पहिल्यांदा पाण्याखाली गेलो. जेमतेम पंधरा मिनिटे आम्ही खाली होतो. एका खडकाच्या कपारीशी निळसर-हिरवा, पोपटासारखी चोच असलेला मासा खडक खरवडत होता. त्याचा कर्रकर्र आवाज मला पाण्याखाली इतका स्पष्ट ऐकू येत होता, की जवळ बसून कोणी कुरडई खात आहे असे वाटावे. त्या आवाजाने मला वेड लावले आहे.

वर आल्यावर मात्र लक्षात आले, की त्या पंधरा मिनिटांत मी स्वतः काहीच केले नव्हते. प्रशिक्षकाने माझ्या सिलिंडरची मान धरून मला नेले, वळवले आणि वर आणले. किती खोल जायचे, हवा किती उरली आहे, परत कधी फिरायचे, यातले काहीही मला ठाऊक नव्हते. आता हे रीतसर शिकावे असे फार मनात आहे.

पोहायला मी चाळिशीत शिकले. 25 मीटरच्या तलावात सात-आठ फेऱ्या होतात, पण वेग अगदी कमी आहे. एवढे पोहणे पुरेल का? मला उणे तीनचा चष्मा आहे. मालवणला खाली जाताना उजवा कान बराच दुखला, ही काळजी वेगळीच. मुलीलाही शिकायचे आहे. तिचे वय चालेल का? पॅडी, एसएसआय अशी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांची नावे वाचली, त्यांपैकी कोणाचे प्रमाणपत्र घ्यावे? आणि शिकावे कुठे, मालवण, गोवा की अंदमान? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निळाई

ताई, तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी आहे. मालवणला तुम्ही केलीत ती ओळखीची डुबकी. तिच्यात सगळी जबाबदारी प्रशिक्षकाची असते. प्रमाणपत्राचा पहिला अभ्यासक्रम म्हणजे 'ओपन वॉटर डायव्हर'. तो पूर्ण केला, की तुम्ही तुमच्याच पातळीच्या जोडीदाराबरोबर 18 मीटरपर्यंत जाण्यास पात्र ठरता. त्याचे तीन भाग असतात. पहिला सिद्धांताचा, जो हल्ली घरबसल्या संगणकावर करता येतो. दुसरा तलावातल्या किंवा तलावासारख्या शांत पाण्यातल्या सरावाचा. आणि तिसरा समुद्रातल्या चार डायव्हचा. सिद्धांत आधी उरकलेला असेल, तर पाण्यातले काम साधारण तीन-चार दिवसांत होते.

पोहण्याविषयी सांगायचे, तर पॅडीच्या अभ्यासक्रमात न थांबता 200 मीटर पोहावे लागते आणि त्याला वेळेची मर्यादा नसते. म्हणजे तुमच्या त्याच आठ फेऱ्या, फक्त मध्ये काठ धरायचा नाही. पर्याय म्हणून मास्क, स्नॉर्केल (श्वासाची नळी) आणि फिन्स (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंख) घालून 300 मीटर पोहता येते. त्याखेरीज कशाचाही आधार न घेता दहा मिनिटे पाण्यावर तरंगून राहावे लागते. वेगाने पोहणाऱ्यांपेक्षा संथ पोहणारी माणसे अनेकदा अधिक चांगली डायव्हर होतात, कारण घाई करणाऱ्याची हवा लवकर संपते.

मुलीचे वय चालेल. दहा वर्षांपासून ज्युनियर प्रमाणपत्र मिळते. पॅडीच्या नियमांत 12 ते 14 वयाच्या मुलांना 18 मीटरपर्यंत जाता येते, मात्र सोबत प्रमाणपत्रधारक प्रौढ व्यक्ती असावी लागते. ती व्यक्ती तुम्हीच होऊ शकाल.

पॅडी की एसएसआय, या प्रश्नावर फार वेळ घालवू नका. आयएसओ 24801-2 हे या पातळीचे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि दोन्हींचे अभ्यासक्रम त्यात बसतात. जगभरात एकाचे कार्ड दुसऱ्याकडे चालते. संस्थेपेक्षा प्रशिक्षक पारखून घ्या.

चष्मेबहाद्दर

चष्म्याची काळजी नको. नंबरच्या काचा बसवलेला मास्क मिळतो आणि उणे तीन हा अगदी सहज मिळणारा नंबर आहे. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घालूनही जाता येते, मात्र पाण्यात मास्क काढायच्या सरावाच्या वेळी डोळे मिटून घ्यावे लागतात. खाली सगळे एक तृतीयांशाने मोठे दिसते, हे तुम्ही अनुभवले असेलच.

बाकी काही विकत घेऊ नका, पण मास्क स्वतःचा घ्या. दुकानात पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलकेच श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला, तर तुमच्या चेहऱ्याला बसतो आहे असे समजा. नव्या मास्कच्या काचेवर आतून एक पातळ थर असतो. साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने चोळून तो काढला नाही, तर पहिल्याच डायव्हला काच धुक्याने भरून जाते.

शंखध्वनी

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे आणि बारा वर्षे डायव्हिंग करतो, म्हणून कानाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते आणि ती एका अरुंद नलिकेने घशाच्या मागच्या भागाशी जोडलेली असते. तुम्ही खाली जाता तेव्हा बाहेरचा दाब वाढतो आणि पडदा आत ढकलला जातो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकले, की नलिका उघडते, हवा आत जाते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. पृष्ठभागावर एक वातावरण दाब असतो, तो 10 मीटरवर दोन होतो आणि 20 मीटरवर तीन. म्हणजे दाब दुप्पट होतो तो पहिल्याच 10 मीटरमध्ये. त्यामुळे कान सर्वाधिक त्रास देतात तो पहिल्या काही मीटरमध्येच. 'मला दोन मीटरवरच दुखले, मग पुढे काय होईल' ही भीती बहुतेक सगळ्यांना वाटते, पण पुढचे अंतर तुलनेने सोपे असते.

नवशिक्यांची चूक अशी होते, की दुखायला लागल्यावर ते नाक धरतात. तोवर नलिकेचे तोंड दाबाने मिटलेले असते आणि मग जोर लावला तरी ते उघडत नाही. खाली उतरण्याआधी, पाण्याच्या पृष्ठभागावरच एकदा कान मोकळे करावेत आणि मग प्रत्येक मीटरला, दुखण्याची वाट न पाहता, करत राहावेत. दुखलेच तर अर्धा-एक मीटर वर यावे, तिथे कान मोकळे करावेत आणि मगच पुन्हा उतरावे. जोराने फुंकू नये, त्याने आतल्या कानाला कायमची इजा होऊ शकते.

ताई, तुमचा एकच कान दुखला असल्याने एकदा तपासून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. शिवाय अभ्यासक्रमापूर्वी आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते. तिच्यात वय 45 च्या पुढे असल्यास धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, घरातील हृदयविकाराचा इतिहास अशी अधिक माहिती विचारलेली असते. दमा, फिट येणे, छातीची शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय पुढे जाता येत नाही. प्रवास ठरला आहे म्हणून तिथे खोटे 'नाही' लिहिणारे लोक मी पाहिले आहेत. असे कृपया कोणीही करू नये.

सुरमई प्रेमी

शंखध्वनी सरांच्या प्रतिसादाला माझा अनुभव जोडतो. गोव्यात ग्रँड आयलंडला जायचे ठरले होते, पैसे भरले होते आणि आदल्या रात्री मला सर्दी झाली. सकाळी नाक मोकळे करायची गोळी घेतली आणि गेलो. उतरताना काही जाणवले नाही. खाली अर्धा तास झाल्यावर गोळीचा अंमल उतरला आणि वर येताना कपाळात, भुवईच्या वर, सुरी फिरवल्यासारखी कळ आली. आत अडकलेली हवा प्रसरण पावत होती आणि तिला बाहेर पडायला वाटच नव्हती. बोटीत मास्क काढला तेव्हा तो रक्ताने भरलेला होता. पुढचे तीन आठवडे उजव्या कानात पाणी भरल्यासारखे वाटत होते. ती चूक सर्वस्वी माझी होती. सर्दी असेल तर पैसे बुडू द्यावेत.

वेंगुर्ल्याचो

मी वेंगुर्ल्याचा. भाऊबंद मालवणात बोटीवर असतात आणि माझेही प्रमाणपत्र तिथलेच आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षणाची संस्था आहे, त्यामुळे आपल्या माणसाला आपल्या भाषेत शिकायची सोय इथे आहे. घाबरलेल्या माणसाला मातृभाषेत सांगितलेले लवकर कळते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मात्र दिवस बघून या. पावसाळ्यात सगळे बंद असते. पाऊस संपला तरी नद्यांचे गढूळ पाणी काही काळ समुद्रात असतेच, म्हणून दिवाळीनंतर पाणी निवळले की यावे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त असते आणि तळाची वाळू ढवळली जाते. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते, तेव्हा ओढ मंदावते आणि बहुधा पाणीही स्वच्छ मिळते. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा असतो तोवर समुद्र पाटावर ठेवल्यासारखा असतो. दुपारी वारा फिरला की लाटा उठतात आणि बोटीतच अर्ध्या जणांना मळमळते. म्हणून पहिली बोट धरावी.

अथांग

वेंगुर्ल्याच्या दादांचा मान राखून मी असहमती नोंदवतो. मालवणला चांगल्या दिवशीही पाच-सात मीटरपलीकडे स्पष्ट दिसत नाही, असा माझा अनुभव आहे. शिकणाऱ्याला तळ दिसत नाही, जोडीदार दिसेनासा होतो आणि त्याची भीती वाढते. मी अंदमानात, स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला शिकलो. 12 मीटरवर गुडघे टेकून बसलो होतो आणि वर आमच्या बोटीचा तळ दिसत होता. खर्च विमानासकट बराच होतो, हे मान्य आहे. पण ज्याला आयुष्यभर हे करायचे आहे, त्याने पहिली आठवण तरी स्वच्छ पाण्याची ठेवावी.

खाणीतला पाणबुड्या

अथांग, मला नेमके उलटे वाटते. मी इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो आणि शिकलो ते स्टोनी कोव्हमध्ये. ती ग्रॅनाइटची जुनी खाण आहे, पाणी भरून तिचे तळे झालेले. मार्चचा महिना होता आणि पाणी सहा अंशांचे. ओठ बधिर झाल्याने रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणारे उपकरण, तोंडात आहे की नाही हे दातांवरून समजून घ्यावे लागत होते. हिरवट अंधारात मला जोडीदाराचा फक्त पिवळा फिन दिसायचा. त्या फिनवरून नजर हलवायची नाही, दर दोन-तीन मिनिटांनी हवेचा काटा बघायचा, या सवयी तिथे लागल्या त्या कायमच्या. पुढे तांबड्या समुद्रात गेलो तेव्हा 30 मीटर दिसत होते आणि माझ्याबरोबरचे लोक जोडीदाराला सोडून माशांमागे भरकटत होते.

वाळूतली पावले ताई, जवळ असेल तिथे शिका. पुन्हा पुन्हा जाता येणे हे स्वच्छ पाण्यापेक्षा मोलाचे आहे.

वाळूतली पावले

सर्वांचे मनापासून आभार. कानाची तपासणी पुढच्या आठवड्यात ठरवली आहे. एक भीती मात्र सांगते. मास्कमध्ये पाणी शिरले तर काय करायचे, या विचाराने मला रात्री झोप लागत नाही. आणि ऑक्सिजनचा सिलिंडर मध्येच संपला तर?

निळाई

आधी एक दुरुस्ती. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, साधी कोरडी, गाळलेली हवा असते, जशी आपण आता घेत आहोत तशीच. शुद्ध ऑक्सिजन 6 मीटरच्या खाली घातक ठरू शकतो. भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण 200 बार (दाबाचे एकक) इतका दाब असतो आणि तुमच्या जाकिटाला लटकणाऱ्या काट्यावर तो आकडा सतत दिसतो. 50 बार उरलेले असताना तुम्ही बोटीत परतलेले असावे, असे नियोजन करतात. त्यातूनही काही बिघडले, तर जोडीदाराकडे जास्तीचा रेग्युलेटर असतो आणि तो घेऊन दोघांनी वर येण्याचा सराव अभ्यासक्रमात करून घेतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचा नियम : श्वास कधीही रोखून धरायचा नाही. 10 मीटरवर छाती भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. श्वास धरून वर आलात, तर ती जागा फुप्फुस फाडून घेतली जाते आणि हे अगदी उथळ पाण्यातही घडू शकते. रेग्युलेटर तोंडातून निघाला, तरी तो परत मिळेपर्यंत ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे. पोहताना आपण श्वास धरायला शिकलेले असतो, ती सवय इथे मोडावी लागते. मास्क घाबरवतो, पण इजा करत नाही. श्वास रोखणे इजा करते.

रानवाट

पोहणे खरोखर एवढे आवश्यक आहे का? माझ्या ओळखीचे दोघे अजिबात न पोहता खाली जाऊन आले आणि मजेत होते.

निळाई

रानवाट, ते दोघे ओळखीच्या डुबकीला गेले असणार. तिथे दुसऱ्याचा हात तुमच्या सिलिंडरवर असतो. प्रमाणपत्रधारकाला वर आल्यावर बोट दोनशे मीटर लांब दिसली, तर तिथपर्यंत स्वतः जावे लागते, किंवा ती येईपर्यंत लाटांत तरंगत राहावे लागते. त्या दहा मिनिटांच्या तरंगण्याची परीक्षा म्हणूनच असते. इथे सूट मागू नये आणि कोणी देऊ केली तरी घेऊ नये.

कोरा कागद

निळाईताईंच्या शेवटच्या वाक्यासाठी मुद्दाम लिहीत आहे. चार वर्षांपूर्वी एका पर्यटनस्थळी मी दीड दिवसात 'ओपन वॉटर' पूर्ण केले. नाव घेत नाही. मास्कमधले पाणी काढायचा सराव एकदाच झाला, तोही मास्क अर्धा भरून. चौथी डायव्ह दहा मिनिटांत आटोपली. कार्ड मात्र आले आणि मला त्याचा आनंदही झाला.

सहा महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी 14 मीटरवर समोरच्याच्या फिनचा फटका बसून माझा मास्क सरकला. नाकात पाणी गेले, काही दिसेना आणि मी सरळ वर निघालो. तिथल्या मार्गदर्शक मुलीने माझा पट्टा पकडला, मला खाली ओढून धरले आणि दुसऱ्या हाताने माझा रेग्युलेटर तोंडात दाबून ठेवला. नंतर तिने सांगितले, की माझे बुडबुडे थांबले होते, म्हणजे मी श्वास धरला होता. ती नसती तर काय झाले असते, हे वरच्या प्रतिसादात लिहिलेलेच आहे.

त्यानंतर मी संपूर्ण अभ्यासक्रम पुन्हा पैसे भरून केला. म्हणून सांगतो : आधी विचारा, की एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी असतील, तलावात किती तास देणार, बोटीवर आपत्कालीन ऑक्सिजन असतो का, आणि मला एखादी गोष्ट जमली नाही तर जास्तीचा दिवस मिळेल का. शेवटच्या प्रश्नाला जो कपाळावर आठी घालतो, त्याच्याकडे जाऊ नका.

शंखध्वनी

कोरा कागद, हे लिहिल्याबद्दल धन्यवाद. ते चार प्रश्न प्रत्येकाने कागदावर लिहून खिशात ठेवावेत.

वाळूतली पावले

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा वर आणत आहे. कानाची तपासणी झाली. पडदा ठीक आहे, जुन्या सर्दीमुळे नलिकेला सूज होती, ती औषधाने गेली. मुलीने आणि मी सिद्धांत घरी पूर्ण केला आणि गेल्या दोन शनिवार-रविवारी पुण्याच्या एका तलावात सराव केला. समुद्रातल्या चार डायव्ह बारा महिन्यांच्या आत दुसरीकडे करता येतात, तशी चिठ्ठी प्रशिक्षकांनी दिली आहे.

मास्कचे सांगायलाच हवे. पहिल्यांदा भरला तेव्हा मी ताडकन उभी राहिले. पाणी छातीएवढेच होते. प्रशिक्षक काही बोलले नाहीत. त्यांनी मला मास्कशिवाय, नुसता रेग्युलेटर तोंडात ठेवून, चेहरा पाण्यात घालून पाच मिनिटे श्वास घ्यायला लावला. नाकाला पाणी लागते आहे आणि तरी तोंडाने श्वास चालू आहे, हे शरीराला पटायला तेवढा वेळ लागला. मग मास्क पुन्हा भरला. वरची कड दोन बोटांनी कपाळाशी दाबली, नजर वर केली आणि नाकाने शेंबूड शिंकरावा तशी हळू, लांब हवा सोडली. पाणी भुवईपासून खाली उतरताना दिसले, डोळ्यांखाली आले, नाकाशी आले आणि खालच्या कडेने निघून गेले. समोर मुलगी तर्जनी आणि अंगठा जुळवून 'ठीक आहे' अशी खूण करत होती. त्या दिवशी मी तो सराव अकरा वेळा केला.

आता येत्या शुक्रवारी मालवण. वेंगुर्ल्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे कालनिर्णय पाहून अष्टमीचा मुहूर्त काढला आहे. शनिवारी दोन डायव्ह, रविवारी दोन, शेवटची साडेअकराच्या सुमारास संपेल. जेवून लगेच गाडीने निघू आणि आंबोली घाटातून कोल्हापूरकडे येऊन रात्री तिथे मुक्काम करू.

खाणीतला पाणबुड्या

ताई, अभिनंदन, पण शेवटचे वाक्य बदला. डायव्हनंतर शरीरात नायट्रोजन विरघळलेला असतो आणि बाहेरचा दाब झपाट्याने कमी झाला, तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणूनच अनेक डायव्हनंतर किमान 18 तास विमानात बसू नये, असे सांगतात. घाट चढणे हेही उंचीवर जाणेच आहे. आपल्या अभ्यासात 300 मीटरच्या वरची जागा उंचीची मानतात आणि आंबोली साधारण 700 मीटरवर आहे.

वेंगुर्ल्याचो

अगदी बरोबर. इथून त्याच दुपारी घाट चढणारे पुष्कळ असतात आणि त्यांना हे कोणी सांगत नाही. ताई, रविवारी रात्री इथेच राहा. आंबोलीऐवजी फोंडाघाटाने गेलात तरी चढ चुकत नाही.

वाळूतली पावले

दोघांचेही फार आभार. हे पुस्तकात विमानाच्या प्रकरणात वाचले होते, पण घाट डोक्यातच आला नाही. आत्ताच फोन करून मालवणचा मुक्काम एक रात्र वाढवला आणि मुलीच्या शाळेत सोमवारची रजा कळवली. सोमवारी सकाळी आठ वाजता निघू, तोवर वीस तास उलटलेले असतील.